खुशाल जा, जा खुशाल

घाटकोपरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न असा. यंदा दिवाळीत घरी न थांबता मैत्रिणींबरोबर हिमाचलला जायचं त्यांनी ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "खुशाल जा." नवरा म्हणतो ही परवानगी, ताईंना वाटतं हा टोमणा. ऑफिसातल्या एका जाणकाराने मध्येच सांगून टाकलं की हा शब्द 'कुशल'चा अपभ्रंश आहे. आणि शुद्ध रूप 'खुशहाल' का, हेही ताईंना हवं आहे.

शेवटचं आधी उरकते. मराठीत 'खुशहाल' नाही. सोसायटीच्या फलकावर 'खुशहाल दिवाळी', लोकलमधल्या जाहिरातीत 'खुशहाल कुटुंब', सकाळच्या शुभेच्छांत 'खुशहाल जीवन'. दर वेळी भातात खडा लागल्यासारखं होतं. तो हिंदीचा शब्द आहे, तिथे तो छानच शोभतो. मराठीने हाच शब्द फारसीतून घेतला तेव्हा मधला 'ह' गाळून 'खुशाल' केला आणि त्याला अशी कामं दिली जी हिंदीतला 'खुशहाल' करत नाही. घरचं नाणं चालतं असताना शेजारचं उसनं आणायचं कशाला? बाकी आनंदी, मजेत, सुखरूप हे अर्थ कोणत्याही कोशात मिळतील, ते इथे उगाळत नाही.

आता 'कुशल'. ही व्युत्पत्ती मोबाइलवर फिरत असते आणि ती साफ चूक आहे. संस्कृत शब्द लोकांच्या तोंडी झिजत मराठीत आला की दोन स्वरांमधल्या 'ल'चा 'ळ' होतो: फल-फळ, काल-काळ, मूल-मूळ. त्या वाटेने 'कुशल' आला असता तर त्याचं 'कुसळ' झालं असतं. ('कुसळ' हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो गवताच्या टोकाचा, दुसऱ्याच्या डोळ्यात पटकन दिसणारा.) संस्कृतातून थेट उचलला म्हणून 'कुशल'चा 'ल' शाबूत राहिला. 'खुशाल'मधला 'ल' मात्र माल, साल, हाल यांच्या घरचा. शिवाय 'क'चा 'ख' आणि 'श'चा 'शा' का झाला, याचंही उत्तर त्या जाणकारांपाशी नसणार.

आणि खरी गंमत त्या 'हाल'मध्येच आहे. अरबीत 'हाल' म्हणजे नुसती स्थिती, बरी किंवा वाईट. फारसीने त्यापुढे 'खुश' लावलं: ज्याची स्थिती चांगली तो खुशहाल. मराठीने दोन्ही घेतले, पण एकटा 'हाल' आपल्याकडे फक्त दुःखाचा झाला. हाल झाले, हालअपेष्टा, हाल कुत्रा खाईना. दुसऱ्याची स्थिती आपण बहुधा ती बिघडल्यावरच बोलून दाखवतो, म्हणून असं झालं असावं असं मला वाटतं. तोच हाल 'खुशाल'च्या पोटात मात्र सुखाने राहिला आहे. जुन्या पोस्टकार्डांवर 'इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी' असं असायचं. हाल विचारले की काळजी, खुशाली विचारली की माया.

या शब्दाचं सगळ्यात मोठं काम कोशातल्या अर्थात नाही, वाक्यात आहे. आज्ञार्थाबरोबर तो आला की परवानगी होते: खुशाल बस, खुशाल घे, खुशाल विचार. तोच तिसऱ्या पुरुषाच्या साध्या वर्णनात आला की तक्रार होते: खुशाल बसलाय, खुशाल खोटं बोलतो, पाहुणे दारात आणि हा खुशाल झोपलाय. शब्द तोच, माणूस तितकाच निवांत, मग राग कुठून आला? माझं मत असं: पहिल्या वाक्यात त्याच्या सुखाला आपण होकार दिलेला असतो, दुसऱ्यात तो आपल्याला न विचारताच सुखी झालेला असतो. झोंबतं ते एवढंच. 'खुशाल'चा अर्थ 'निर्लज्जपणे' असा देऊन मोकळे होणारे बोलणाऱ्याचा राग त्या बिचाऱ्या झोपलेल्याच्या नावावर टाकतात.

आमचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं, सामाईक गॅलरी, दाराला दार. आजीचे श्रावणी सोमवार कडक. शेजारच्या बिऱ्हाडात श्रावण पाळत नसत. सुके बोंबील तव्यावर पडले की वास तिन्ही मजले फिरायचा. एका सोमवारी शेजारची सून रिकामा तवा हातात घेऊन दारात आली आणि अवघडून म्हणाली, "काकू, आज भाजू का? मुलगा हट्ट धरून बसलाय." आजी दाणे सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "खुशाल भाज गं. उपास माझा आहे, तुझ्या तव्याचा नाही." खिडकी तिने लावून घेतली नाही, नाकाला पदर लावला नाही. दाण्यांची सालं पाखडली आणि खिचडी टाकायला उठली. पुढे 'सहिष्णुता' या शब्दावर मी बरीच व्याख्यानं ऐकली, पण त्या शब्दात 'सह्' धातू आहे, सोसणं आहे. सोसणारा मनात हिशेब ठेवतो. 'खुशाल' म्हणणाऱ्याने हिशेबाची वही उघडलेलीच नसते. दुसऱ्याने आपल्याहून वेगळं जगावं आणि वर सुखाने जगावं, अशी इच्छा एका शब्दात बांधणारा दुसरा मराठी शब्द मला ठाऊक नाही.

इथे भाषाशुद्धीवाले सांगतात, की हा शब्द परका, त्याऐवजी 'सुखेनैव' म्हणा. सावरकरांनी घडवलेले 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्द मी रोज वापरते आणि त्यांचं ऋण मानते. कवी माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश दिला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले, त्यांच्या अभ्यासाबद्दलही आदर आहे. पण 'सुखेनैव' हा बदली कामगार इथे टिकत नाही. "सुखेनैव भाज गं" असं आजी म्हणाली असती तर ती सून तवा घेऊन परत गेली असती. आणि 'सुखेनैव झोपलाय' म्हणून कोणाला कोणाचा राग काढता येईल? 'बेलाशक' जवळचा आहे, पण त्यात शंका नसणं आहे, सुख नाही. 'बिनधास्त'मध्ये भीती नसणं आहे, तिथेही सुख नाही. खरेदीखतात आपण आजही 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो' म्हणतो. माणसाची संमती खरी की जबरीची, हे ठरवायला कायद्याच्या कागदालाही 'खुशी'च लागते. ती उपटून काय लावणार?

'कुशल'ला मी वर हाकलून दिलं, पण त्याच्यावर अन्याय नको. परंपरा सांगते की यज्ञासाठी कुश नावाचं धारदार गवत हात न कापता आणू शकतो तो कुशल. त्या पात्याची धार ज्याने बोटावर घेतली आहे त्यालाच हे पटेल. त्यातून 'निपुण' अर्थ आला, 'क्षेम' अर्थही आहेच. पाली भाषेत तर 'कुसल' म्हणजे नीतीने चांगलं. 'धम्मपद' या बौद्ध ग्रंथाच्या १८३व्या गाथेत सगळं पाप टाळणं, कुसल जोडणं आणि आपलं चित्त निर्मळ करणं हीच बुद्धांची शिकवण म्हटली आहे. निपुणता, क्षेम आणि चांगुलपणा, तिन्ही एका शब्दात. चांगुलपणा हे कसब आहे, हे मला त्या गवताने शिकवलं: पातं कापायचं, हात कापून घ्यायचा नाही, शेजारच्याचाही नाही. तेव्हा 'कुशल' आणि 'खुशाल' हे नात्याने भाऊ नाहीत. पण आमच्या चाळीतल्यासारखे शेजारी आहेत.

एका शब्दाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही: 'खुशालचेंडू'. काम ना धाम, मजेत हिंडणारा. यातला चेंडू आला कुठून? उसळतो म्हणून, असं सांगतात. मला ते पटत नाही. 'खुशालचंद' हे गुजराती पेढीवाल्यांतलं जुनं नाव. मुंबईत मराठी आणि गुजराती किती पिढ्या एकाच बाजारात वावरल्या! माझा तर्क असा की 'खुशालचंद'चाच कोणीतरी मजेत 'खुशालचेंडू' केला. नावातच खुशाली, म्हणून माणूसही तसाच असणार, एवढ्यावर तो शब्द चिकटला. यात त्या नावावर अन्यायच झाला. अहमदाबादचे नगरशेठ खुशालचंद, शांतिदास झवेरींचे नातू, यांनी मराठी फौजांना पदरचा पैसा देऊन शहर लुटीतून वाचवलं. त्याच नावाचा उपयोग आपण रिकामटेकड्याला हिणवायला करावा? आणि ते नावही पाहा, अर्धं फारसी, अर्धं संस्कृत. बारशाला कोणी हरकत घेतली नसणार. सुखी माणूस आपल्याला चटकन आळशी वाटतो, त्यातून असे शब्द जन्मतात. ज्याचं पोट भरलं आहे, ज्याने कोणाचं काही घेतलं नाही, तो संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दोन तास नुसता बसला, तर त्याने काय बिघडवलं? खुशाल बसू दे.

राहिला ताईंचा मूळ प्रश्न. आज्ञार्थात 'खुशाल' क्रियापदाच्या आधी आला की तो बहुधा मनापासूनचा असतो: "खुशाल जा." क्रियापदाच्या नंतर आला, किंवा वाक्यात 'तर' लागला, की मन खट्टू झालेलं असतं: "जायचं तर जा खुशाल." तुम्ही पत्रात लिहिलंत ते पहिलं आहे. सासूबाई नेमकं तसंच म्हणाल्या असतील तर नवऱ्याचं बरोबर, तुम्ही बॅग भरा. पण पत्र लिहिताना शब्द पुढेमागे झाले असतील तर आठवून मला परत कळवा. आणि तिकडे पोचलात की सासूबाईंना खुशाली कळवायची विसरू नका.