जिंकत असलेला डाव सोडला कसा?

"मॅडम, दोन प्यादी जास्त असताना ड्रॉ! याच्यात जिंकायची जिद्दच नाहीये का?" इंदूरच्या रामबागेतून आलेले बाबा खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले. चौदा वर्षांचा मुलगा शेजारी मान खाली घालून बसला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खेळ कुठलाही असो, हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो.

मी कपाटातला बुद्धिबळाचा पट काढला आणि मुलाला म्हटलं, "मला दाखव."

काळ्याकडून तो नायडॉर्फ सिसिलियन ही सुरुवात खेळला होता, त्यातही पॉइझन्ड पॉन, म्हणजे ‘विषारी प्यादं’ हा प्रकार. यात काळा वजीर थेट आत घुसून पांढऱ्याचं बी२ या घरातलं प्यादं खातो. तेवढ्यात पांढऱ्याचे घोडे-उंट बाहेर पडतात, काळा राजा मात्र मधोमध उघडाच. एक चाल चुकली की संपलं. शेवटी पांढरा वजीर शह देत राहिला, राजा मागे-पुढे करत राहिला, तीच स्थिती तिसऱ्यांदा आली आणि दोघांना अर्धा-अर्धा गुण.

"शह चुकवायला राजा पुढे नेला, तर हत्ती इथे येतो. मात." त्याने हत्ती ठेवून दाखवला. बाबा पटाकडे बघतच राहिले. हे त्यांनी त्याला विचारलंच नव्हतं.

१९७२ साली आइसलँडमधल्या रेक्याविकला, जगज्जेतेपदाच्या लढतीत, तेव्हाचा जगज्जेता स्पास्की याच्याविरुद्धच्या सातव्या डावात अमेरिकेचा बॉबी फिशर हीच लाइन, म्हणजे चालींचा हाच क्रम, खेळला. प्यादी जास्त असूनही बरोबरीच झाली. अकराव्या डावात पुन्हा तीच लाइन, आणि तो हरला. अजिंक्यपद शेवटी त्यालाच मिळालं. मी हे सांगताना मुलगा पहिल्यांदा हसला. त्याला सगळं ठाऊक होतं.

ज्या मुलाला बरोबरीचं कारण पटावर दाखवता येतं, त्याच्या जिद्दीची काळजी मी करत नाही. पण तेवढ्यावर त्यांना घरी पाठवणं मला बरोबर वाटेना. विचारलं, "सगळे ड्रॉ असेच होते?"

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "मागच्या महिन्यात एक मीच ऑफर केला. डाव चांगला होता, वेळही होता. पण हरलो की बाबा स्कूटरवर घरापर्यंत बोलत नाहीत."

"अरे, मी रागावलेला नसतो," बाबा हळूच म्हणाले, "काय बोलावं तेच सुचत नाही."

मग इतकंच ठरलं: निकालाबद्दल बाबांनी विचारायचं नाही. त्याला वाटलं तर रात्री तो पट मांडेल, बाबांनी समोर बसायचं.

पुढच्या स्पर्धेत तो दोन डाव हरला. संध्याकाळी बाबांचा फोन आला. "पलासियापासून घरापर्यंत तोच बोलत होता मॅडम. मला निम्मं कळलं नाही. तसं सांगितलं, तर पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागला."