तीन मुलांचं होमस्कूलिंग: अभ्यासक्रम कोणता घ्यावा आणि प्रत्येकाचे क्लास कसे बसवावेत?

तुम्ही ठाण्यात राहता. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत, धाकटा सीनियर केजीत. जूनपासून तिघांनाही शाळेतून काढायचंय. अभ्यासक्रम कोणता घ्यावा, आणि प्रत्येकाला एक खेळ, एक कला आणि कोडिंग असं सगळं आठवड्यात कसं बसवावं, कुणाकडे तयार वेळापत्रक आहे का, असं विचारलंयत. आणि शेवटी कंसात, 'मिस्टरांना वेळ नसतो, सगळं मीच बघणार.' खरं सांगतो, प्रश्नापेक्षा त्या कंसामुळे लिहायला बसलो.

आमच्याकडे हे सगळं मी बघतो. बायको पालिकेच्या रुग्णालयात सिस्टर आहे, ड्युटी फिरती. मी मुद्रितशोधक. प्रुफं रात्री वाचतो, दिवसा मुलं. माहीमला राहतो. 'तुम्ही घरीच असता का हो?' हे मला विचारलं नाही असा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये उरलेला नाही. थोरली आता बारावीला आहे, मधला तेराचा, धाकटी नवाची.

अभ्यासक्रमाचं एका वाक्यात सांगायचं तर तो खालून वर ठरवू नका, दहावीपासून उलटा ठरवा. मूल दहावी कुठल्या दाराने देणार ते आधी पक्कं करा. आठवीपर्यंत कुठलं पुस्तक वापरता याने फारसं काही बिघडत नाही. बालभारतीची पुस्तकं फुकट डाउनलोड होतात, एनसीईआरटीचीही होतात. त्यातली भाषा आणि गणित रोज, बाकीचं जमेल तसं. परदेशी बॉक्समधून येणारे महागडे संच घेऊ नका. आमच्या नात्यातल्या एकांनी घेतला होता. पहिलीच्या विज्ञानात चार ऋतू, त्यातला एक बर्फाचा आणि एक पानगळीचा. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या गावात त्या पोराला पावसाळा कुठे आहे ते त्यात सापडेना.

दहावीची दारं तशी मोजकीच. पहिलं दार एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय. त्याला 14 वर्षं पूर्ण हवीत, किमान 5 विषय, त्यात एक भाषा आलीच पाहिजे. परीक्षा एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, नोंदणी 5 वर्षं चालते आणि तेवढ्यात 9 संधी मिळतात. मराठी माध्यमातूनही देता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. टीएमए, म्हणजे घरी सोडवून द्यायचे स्वाध्याय, वेळेत भरा, 20 टक्के गुण तिथे असतात आणि लोक तिथेच ढिलाई करतात. दुसरं दार राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म, म्हणजे दहावी बाहेरून देण्याचा. तो स्वस्त आणि ओळखीचा, पण त्याला मूल किमान पाचवी पास लागतं आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला आधी शाळेत जावं लागतं, हे ध्यानात घ्या. म्हणून तुमच्या मुलीला तो मार्ग मोकळा आहे, धाकट्याला नाही, आणि मुलाला पाचवी होईपर्यंत शाळेत ठेवलंत तर त्यालाही राहील. केंब्रिज बोर्डाचंही बाहेरून देता येतं म्हणतात, पण खासगी विद्यार्थी घेणारं केंद्र शोधा आणि दर विषयाची फी बघा, मग बोलू.

आणि कुणी मालविका जोशीचं नाव घेतलं तर हो म्हणून पुढे जा. मुंबईचीच मुलगी, सातवीत शाळा सोडली, प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली, बारावी नाही म्हणून आयआयटीत प्रवेश मिळत नव्हता आणि 2016 ला एमआयटीने घेतलं. कौतुक आहेच. पण आपली मुलं साधी आहेत, त्यांना मार्कशीट लागते.

आता खरा विषय. 'प्रत्येकाला' हा तुमच्या प्रश्नातला शब्द माझ्या मोठ्या भावाचाही आवडता आहे. दादा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. मी मुलं घरी शिकवतो हे कळल्यापासून त्याची दोन म्हणणी आहेत. एक, अकरावीच्या दारात उभा राहशील तेव्हा कळेल. दोन, तिघांना एकाच मैदानावर नेऊन सोडतोस, हा तुझा आळस आहे, प्रत्येक मुलाचा कल वेगळा असतो, प्रत्येकाला त्याचा त्याचा क्लास पाहिजे.

पहिल्याचा निकाल असा लागला. थोरलीने एनआयओएसमधून दहावी केली. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात राज्य मंडळाबाहेरच्या मुलांना कागद तपासून घ्यायला तेव्हा मार्गदर्शन केंद्रावर जावं लागायचं. आम्ही निघालो तर दादा डोंबिवलीहून हजर. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. म्हणे, "तू गप्प राहा, मी बोलतो. या लोकांची भाषा मला कळते." केंद्र म्हणजे एका कॉलेजचा तळमजला, जूनचा उकाडा, एकच पंखा आणि त्याच्याखाली सगळी गर्दी. दादा सरळ काउंटरला गेला आणि आपण निवृत्त मुख्याध्यापक असल्याचं सांगितलं. आतल्या मॅडम चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "आजोबा, रांगेतून या."

रांगेतून आलो. मॅडमनी विचारलं, शाळेचं नाव? थोरली म्हणाली, नाही. नाही म्हणजे? म्हणजे शाळा नाही, एनआयओएस. मग दाखला द्या, शाळा सोडल्याचा. दादाने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू, नवस फळल्यासारखा चेहरा. एनआयओएस देतं ते मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट असतं, लीव्हिंग असा शब्द त्यावर नसतो. मॅडम म्हणाल्या, हे मायग्रेशन झालं, दाखला कुठाय? पोरीने काही न बोलता कागद काउंटरवर फिरवला आणि 'ट्रान्सफर'च्या खाली बोट ठेवलं. मॅडमनी वाचलं. तरी साहेबांना विचारते म्हणाल्या. साहेब जेवायला गेले होते.

बाजूला उभे राहिलो. मागे एक गृहस्थ होते, मुलाच्या फॉर्मची झेरॉक्स हातात. सहज, आपलेपणाने, त्यांनी दादाला विचारलं, "नापास झाली होती का हो मुलगी? मुक्त विद्यालय म्हणालात म्हणून विचारलं."

दादा असा फिरला की मलाच धडकी भरली. "नापास कुणाला म्हणता? वडिलांनी घरी शिकवलीय तिला. पाच विषय एका वेळेला काढलेत. तुमच्या मुलाच्या वयात ती दोरीवर उलटी लटकून आसनं करते!" आख्खी रांग बघायला लागली. थोरली हळूच म्हणाली, "मोठे काका, पुरे." गृहस्थ बिचारे सॉरी सॉरी करत राहिले. गेली कित्येक वर्षं हा माणूस माझ्याच घरात बसून ह्याच्या उलट बोलत होता. साहेब आले, कागद बघितला, शिक्का मारला, दोन मिनिटांचं काम. बाहेर उसाचा रस पिताना मी म्हटलं, काय दादा? तर म्हणतो, "कागदाचं ठीक आहे रे. पण मल्लखांब तिघांना, हे काही बरोबर नाही."

म्हणजे दुसरं म्हणणं शिल्लक आहे, आणि तुमचाही प्रश्न तोच आहे.

आमची तिन्ही मुलं शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात जातात. घरून चालत जाता येतं. थोरली दोरीवर, मधला लाकडी पुरलेल्या मल्लखांबावर, धाकटी अजून अंगठा आणि शेजारच्या बोटात दोरी धरायला शिकतेय. तिथली कातडी सोलते, रात्री खोबरेल तेल लावायला पाय माझ्या मांडीवर. धाकटीचा कल नृत्याकडे आहे म्हणे. असेल. मधल्याला तबला आवडतो, तो शिकतो, कारण तबल्याचे गुरुजी खालच्या गल्लीत राहतात. गुरुजी पवईला राहत असते तर तो तबला शिकला नसता. हे ऐकून दादा कानांवर हात ठेवतो.

सोय बघणं हा गुन्हा नाही. दादाच्या दोन्ही मुलांचे सगळे वेगवेगळे क्लास झाले हे खरं आहे. एकाचं पोहणं, एकाचं बुद्धिबळ, दोघांची चित्रकला, वर इंग्लिश स्पीकिंग. पण ते नेणं-आणणं केलं वहिनीने. संध्याकाळी डोंबिवलीच्या पुलावर एका हाताला एक पोर, दुसऱ्या हातात पोहण्याची ओली पिशवी, पाठीवर दुसऱ्याचं दप्तर, आणि घरी गेल्यावर कुकर. दादा तेव्हा शाळेत दुसऱ्यांच्या मुलांचा सर्वांगीण विकास करत होता. त्याला प्रत्येकाचा कल दिसला, कारण प्रत्येकाची ट्रेन त्याने पकडली नाही. वहिनीला मी एकदा विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाल्या, "भाऊजी, मला तर गुडघे वाटतात."

तर वेळापत्रक मागताय ते मी देत नाही. नियम देतो. क्लास चालत जाण्याच्या अंतरावर असला पाहिजे, नाहीतर तिघांचा एकाच ठिकाणी एकाच वेळी असला पाहिजे. घोडबंदर रोडवर संध्याकाळी तीन मुलांना तीन दिशांना कोण नेणार? तुम्हीच. कोडिंग घरी होतं, त्याला क्लास लागत नाही. तबला-पेटी-गाणं शिकवणारं कुणी जवळ असेल तर घ्या, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना शाळा विचारत नाहीत. खेळात मात्र एक खोच आहे. शालेय स्पर्धांना शाळेचं बोनाफाइड लागतं, ते आपल्या मुलांकडे नसतं, त्यामुळे तालुका-जिल्हा-विभाग ही शिडी बंद. संघटनेच्या स्पर्धा उरतात. थोरलीला याचं वाईट वाटलं होतं. लोकलचा विद्यार्थी सवलतीचा पासही तसाच, शाळेच्या कागदाशिवाय नाही.

अभ्यासालाही हाच नियम. तिघांना तीन वेगळे विषय शिकवायला बसलात तर दिवाळीपर्यंत थकाल. गणित आणि लेखन वेगळं, बाकी एकत्र. आमच्याकडचं एक सांगतो. दादर चौपाटीवर गेलो की पाणी कधी चढणार हा प्रश्न असायचाच. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. धाकटीने कालनिर्णयात तिथी बघायची, मधल्याने पाऊणपट करायची, थोरलीने छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून किती मिनिटं चुकतं ते वहीत लिहायचं. चुकतं, पौर्णिमेच्या आसपास बरंच चुकतं, आणि का चुकतं यावर दोन पावसाळे गेले. ह्यात भूगोल आला, अपूर्णांक आले, चंद्र आला. कुठल्या बोर्डाचं आहे हे? कुठल्याच नाही. दादाला हा हिशेब माहीत होता, आमच्या आजोबांकडून, आणि उभ्या नोकरीत त्याने तो वर्गात कधी सांगितला नाही, कारण पोर्शनमध्ये नव्हता. हे मी त्याला तोंडावर म्हटलंय, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. आमच्याकडे बायकोचा पक्का पगार आहे, माझं काम घरचं आहे आणि शिवाजी पार्क चालण्याच्या अंतरावर आहे. यातलं एक जरी नसतं तर हे जमलं असतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा 6 ते 14 वयाबद्दल बोलतो, त्यात घरच्या शिक्षणाला सरळ परवानगीही नाही आणि सरळ बंदीही नाही, त्यामुळे कुणी भीती घातली तर घाबरू नका, पण मुलं काय करतात त्याच्या वह्या तारखेनिशी ठेवा. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर मुक्त विद्यालयाची अडचण आता नाही. मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीटला बसू न देणारी अट होती, दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 ला ती काढली आणि 2024 ला सर्वोच्च न्यायालयातही तो विषय मिटला. आमच्या हिने हे सगळ्यात आधी तपासलं होतं. आणि एखादं मूल खरंच एकाच गोष्टीमागे वेडं असेल, खाणं-पिणं विसरून, तर माझा चालत जाण्याचा नियम मोडा. अशा मुलासाठी पवई काय, पनवेल गाठा. पण तेव्हा घेऊन जायचं मिस्टरांनी. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांना नक्की मिळतील. मिळत नसतील तर तिघांना एकदम काढू नका, एकट्या मुलीपासून सुरुवात करा.

मुलीचा दाखला काढायला मे महिन्यातच जा, जूनच्या गर्दीत क्लार्क हात लावत नाहीत. त्यावरचं तिचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा, आईचं नावही नीट वाचा, आणि वेलांटी जरी चुकली असली तरी तिथेच उभं राहून दुरुस्त करून घ्या. एकदा शाळा सुटली की मग ती वेलांटी कोणी दुरुस्त करून देत नाही.