बाबांच्या मागांची गोष्ट

प्रश्न : आम्ही इचलकरंजीचे. मुलगी बारावी आर्ट्सला आहे. दोन वर्षांपूर्वी आमचे यंत्रमाग विकावे लागले. त्यावर तिने लॅपटॉपवर एक गेम बनवलाय आणि पुढेही हेच करायचं म्हणते. यात पोट भरेल का? आणि घरचं दुखणं असं चव्हाट्यावर मांडावं का? – एक आई

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेला गेम काल रात्री दोनदा खेळले. धोट्यातली सुताची कांडी संपते, माग थांबतो, आपण नवी कांडी घालायची. आधी आठ माग, मग चार, मग एक. शेवटी शेड रिकामी होते, पण कांडी बदलायचं बटण तसंच राहतं. मी ते दाबलं. काहीच झालं नाही. तुमच्या घरातली ती पोकळी माझ्या हाताला कळली. बारावीतल्या पोरीने ट्वाइनसारख्या फुकट साधनात हे केलंय, म्हणजे तिला या माध्यमाची नस सापडली आहे.

घरचं दुखणं गेममध्ये मांडणारी ती एकटी नाही. अमेरिकेतल्या रायन आणि एमी ग्रीन यांचा मुलगा जोएल पाच वर्षांचा असताना कॅन्सरने गेला. त्याच्यावरचा त्यांचा ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा गेम 2016 साली आला. त्यात हॉस्पिटलमध्ये बाळ रडत असतं. बाप नाना उपाय करतो, खेळणाराही करतो, पण त्या उपायांनी ते गप्प होत नाही.

आता पैशाचं. गेम येऊन दोन महिने झाले तरी विक्रीतला एक डॉलरही हाती लागला नाही, असं रायन यांनीच लिहिलं होतं. आलेले पैसे देणी फेडण्यात गेले आणि पुष्कळांनी विकत न घेता तो यूट्यूबवरच पाहिला. उलट, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट स्वयंपाकातून सांगणाऱ्या ‘वेन्बा’ला 2024 मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. पण तशा नशिबावर घर चालवायचं ठरवू नका. पदवी हवीच. डिझाइनच्या पदवी प्रवेशाची यूसीड परीक्षा आर्ट्सवाल्यांनाही देता येते, त्यातून आयआयटी मुंबईत बी.डिझाइन करता येतं. पुढे एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात गेम डिझाइनचं एम.डिझाइन आहे. ‘राजी’ हा गेम तर पुण्यातल्या स्टुडिओने केला. अशा ठिकाणी नोकरी करत स्वतःचे छोटे गेम चालू ठेवता येतील.

चव्हाट्याबद्दल माझं मत ठाम आहे. गेम आधी तिच्या बाबांनी खेळायचा, आणि ते नको म्हणाले तर तो कुठेही टाकायचा नाही. गेममधलं व्यापाऱ्याचं आडनाव आणि थकबाकीचा आकडा मात्र आत्ताच काढायला सांगा. त्यांच्याविना गोष्टीचं काही अडत नाही.

आणि एक. गेममधला मागांचा आवाज तिने इंटरनेटवरून घेतलेला दिसतो, फार एकसुरी आहे. शेजारच्या एखाद्या शेडमध्ये जाऊन फोनवर रेकॉर्ड करू दे. बाबांना सोबत पाठवा. कुठल्या मागापाशी उभं राहायचं, ते त्यांनाच ठाऊक असणार.