मज्जारज्जू वेदनेचा संदेश केवळ पोहोचवतो, की त्यावर प्रक्रियाही करतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: मज्जारज्जू ही मेंदूकडे जाणारी नुसती तार आहे का, आणि तुमच्या आईंच्या जुन्या कंबरदुखीवर डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी का लिहून दिली. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. मज्जारज्जू आलेला संदेश जसाच्या तसा वर पाठवत नाही. तो त्याला कधी दाबतो, कधी वाढवतो, आणि यातले काय करायचे हे ठरवण्यात मेंदूचाही हात असतो.

पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि जवळपास सेकंदभराने ठणका सुरू होतो. हे दोन वेगवेगळ्या मज्जातंतूंचे काम आहे. कळ आणणाऱ्या ए-डेल्टा तंतूंवर मायेलिन या संदेशाचा वेग वाढवणाऱ्या मेदयुक्त पदार्थाचे पातळ आवरण असते आणि त्यांतून संदेश सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने जातो. ठणका आणणाऱ्या सी तंतूंवर असे आवरण नसल्यामुळे त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर असतो. पायापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर लक्षात घेतले, तर मधल्या त्या सेकंदाचा हिशेब लागतो.

हे तंतू मज्जारज्जूत पाठीच्या बाजूने शिरतात. तिथल्या करड्या भागाच्या मागील टोकाला पृष्ठशृंग म्हणतात, आणि खरी प्रक्रिया इथे होते. स्वीडनच्या ब्रोर रेक्सेड यांनी १९५२ साली मज्जारज्जूच्या करड्या भागाची दहा थरांत मांडणी केली आणि ती आजही वापरात आहे. वेदनेचे तंतू मुख्यतः पृष्ठशृंगाच्या वरच्या दोन थरांत येऊन ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही रसायने सोडतात. पाचव्या थरातील अनेक पेशी मात्र हलक्या स्पर्शापासून तीव्र वेदनेपर्यंत सर्वच संदेशांना प्रतिसाद देतात. नुसत्या तारेची कल्पना का टिकत नाही, हे समजण्यासाठी एक गोष्ट पुरेशी आहे: पृष्ठशृंगातल्या बहुसंख्य चेतापेशी मेंदूकडे काहीच पाठवत नाहीत. त्या केवळ शेजारच्या पेशींशी बोलतात, आणि त्यांतल्या बऱ्याच पेशी गाबा व ग्लायसीन या रसायनांच्या साहाय्याने शेजाऱ्यांना शांत ठेवण्याचे काम करतात.

दुखरी जागा चोळल्यावर बरे वाटते ते याच व्यवस्थेमुळे. स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू या शांत करणाऱ्या पेशींना जागे करतात आणि वेदनेचा संदेश तिथेच काहीसा अडतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेला ‘द्वार-नियंत्रण सिद्धांत’ तो हाच. त्यांनी रेखाटलेली पेशींची जोडणी पुढच्या संशोधनात तपशिलात बदलावी लागली, परंतु वेदनेचे नियमन मज्जारज्जूतच सुरू होते हा त्यांचा मूळ विचार टिकला, आणि माझ्या दृष्टीने वेदनेच्या अभ्यासाला खरे वळण त्यानेच दिले. जो संदेश या टप्प्यातून पार होतो, त्याचा बराचसा भाग मज्जारज्जूतच दुसऱ्या बाजूला ओलांडून थॅलॅमस या मेंदूतील केंद्राकडे चढतो. चटका बसताच हात मागे घेण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मात्र मेंदूची वाट न पाहता, वेदना जाणवण्यापूर्वीच, मज्जारज्जू घडवून आणतो.

तुमच्या आईंच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा भाग यापुढचा आहे. सी तंतूंमधून संदेश पुन्हा पुन्हा येत राहिले, तर पृष्ठशृंगातील पेशी प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोराने प्रतिसाद देऊ लागतात. लॉर्न मेंडेल यांनी १९६६ साली याचे वर्णन केले. एरवी या पेशींवरील एनएमडीए ग्राही, म्हणजे ग्लुटामेटचा संदेश स्वीकारणारी दारे, मॅग्नेशियमच्या आयनाने (विद्युतभारित कणाने) बंद असतात. पेशी सतत उत्तेजित राहिली की तो आयन दूर होतो, कॅल्शियम आत शिरते आणि पेशीची संवेदनशीलता वाढते. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली दाखवून दिले की इजेनंतर वाढलेल्या संवेदनशीलतेचा काही भाग इजेच्या जागी नसून मज्जारज्जूत असतो. अशा अवस्थेत अंगावरच्या कपड्याचा स्पर्शही दुखू शकतो, आणि काही रुग्णांमध्ये मूळ जखम भरल्यानंतरही वेदना चालू राहते. क्ष-किरण चित्रात किंवा एमआरआयमध्ये हा बदल दिसत नाही. म्हणून, तपासण्या ठीक आल्या एवढ्यावरून रुग्णाला ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. वेदना खरी असते, फक्त तिचा उगम शोधला जातो तिथे नसतो.

आता गोळीविषयी. मेंदूच्या खोडातून काही मार्ग खाली मज्जारज्जूपर्यंत येतात आणि पृष्ठशृंगातील संदेश दाबू शकतात. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतील एका भागाला विद्युत उत्तेजन देऊन, भूल न देता पोटाची शस्त्रक्रिया करून दाखवली, तेव्हा या मार्गांची ताकद स्पष्ट झाली. हे मार्ग सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन या रसायनांवर चालतात. सेरोटोनिनचा परिणाम परिस्थितीनुसार दोन्ही दिशांनी होतो, परंतु मज्जारज्जूतील नॉरअ‍ॅड्रेनालिन प्रामुख्याने वेदना दाबते. ड्युलोक्सेटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे ही रसायने चेतापेशींत परत शोषली जाण्याचे प्रमाण कमी करतात, त्यामुळे ती अधिक काळ कार्यरत राहतात. नैराश्य मुळीच नसलेल्या रुग्णांनाही या औषधांनी वेदनेत आराम पडू शकतो, आणि वेदनेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिनची मात्रा सहसा नैराश्यासाठीच्या मात्रेपेक्षा बरीच कमी असते.

तेव्हा ती गोळी दिली म्हणजे डॉक्टरांनी तुमच्या आईंची वेदना खोटी मानली, असा अर्थ होत नाही. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात, प्रत्येकाला तो सारखाच मिळतो असे नाही, आणि ती अचानक बंद केल्यास त्रास होऊ शकतो. त्यामुळे मात्रा बदलायची किंवा गोळी थांबवायची असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलावे.