नवरा म्हणतो "सगळे एकाच माळेचे मणी", आणि आता मुलगा पण!

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत, 12 वर्षं झाली. नवरा पूर्वी गणपतीत ढोल वाजवायचा, आता मंडळाचं नाव काढलं की "पैसे खातात सगळे". सासूबाईंचा फोन आला की त्यांना "तुमच्याकडे काही बदलणार नाही", ऑफिसचं विचारलं की "सगळं पॉलिटिक्स". परवा 13 वर्षांच्या मुलाला मराठी शाळेत चल म्हटलं तर म्हणाला "काय पॉइंट आहे आई", टोन हुबेहूब बापाचा. काय करू?

उत्तर: अगं, माझे बाबा दिवसातनं दोनदा तरी "पळसाला पानं तीनच" म्हणायचे आणि मला लहानपणी वाटायचं बाबा किती हुशार, सगळ्यांना ओळखून आहेत. गोची तिथेच आहे. नावं ठेवणारा माणूस शहाणा दिसतो आणि विश्वास ठेवणारा बावळट, मग 13 वर्षांचं पोरगं कॉपी कुणाची करणार?

पण आधी नवऱ्याकडे बघू. तू लिहिलं नाहीस, तरी 12 वर्षं अमेरिकेत म्हणजे ग्रीन कार्डची लाइन असणारच असं धरून चालते. कुठल्याही एका देशाला एकूण कोट्याच्या 7 टक्क्यांच्या वर नाही, मग तो देश आइसलंड असो की इंडिया, आणि दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी पत्रक) उघडायचं, तारीख दोन आठवडे पुढे नाहीतर तिथेच, कधी कधी चक्क मागे. जो माणूस वर्षानुवर्षं टॅक्स भरतोय, नियम पाळतोय आणि तरी जॉब बदलायला घाबरतोय, त्याचं तोंड खरंच दुधाने पोळलंय गं. प्रॉब्लेम एवढाच की आता तो ताकच नाही, पाणी पण फुंकून पितोय, आणि मंडळातल्या मोदक वळणाऱ्या काकूंचा त्या बुलेटिनशी काडीचा संबंध नाही. सो त्याला "किती निगेटिव्ह बोलतोस" म्हणू नकोस, सकाळी सुविचार तर अजिबात फॉरवर्ड करू नकोस (त्याने धडधाकट माणूस पण चिडतो). एखाद्या संध्याकाळी मुलगा नसताना नुसतं विचार, "हे असं कधीपासून वाटायला लागलं रे?" आणि मग गप्प बस, मध्ये सोल्यूशन देऊ नकोस.

दुसरं म्हणजे, शंका घेणं वाईट नाही हं, उलट आपल्या लोकांनी जरा जास्त घ्यायला हवी. पण शंका घेणारा जाऊन बघतो, आणि तुझ्या नवऱ्यासारखा माणूस न बघताच निकाल देऊन मोकळा होतो. मंडळ पैसे खातं म्हणतो ना? मग बघू दे की! इथली बरीच मराठी मंडळं नॉन-प्रॉफिट म्हणून रजिस्टर असतात, त्यांना दरवर्षी फॉर्म 990, म्हणजे जमाखर्चाचा हिशोब, भरावा लागतो आणि तो आयआरएसच्या (इथल्या टॅक्स खात्याच्या) साइटवर कोणालाही फुकट बघता येतो. मंडळ छोटं असेल, वर्षाची जमा साधारण 50,000 डॉलरच्या आत, तर तिथे नुसतं ई-पोस्टकार्ड सापडेल, त्यात हिशोब नसतो, मग सरळ खजिनदाराला ईमेल करून मागायचा. काही गडबड निघाली तर त्याचं म्हणणं खरं, मिटिंगमध्ये उभं राहून विचारू दे. नाही निघाली तर तेही त्याच्याच डोळ्यांनी दिसेल.

माझंच सांगते. आमच्या इथल्या एका कमिटीवाल्याबद्दल मी चार वर्षं "हा खातो" म्हणत होते, पुरावा काय तर त्याची नवी गाडी. एका गणपतीला वडापावच्या स्टॉलवर माणूस कमी म्हणून मला कूपन मोजायला बसवलं, रात्री 11 ला गल्ला जुळेना, 20 डॉलर कमी, आणि ह्या गृहस्थाने कटकट करत स्वतःच्या पाकिटातली नोट काढून डब्यात टाकली आणि म्हणाला चला आता घरी. तो मला अजूनही फारसा आवडत नाही. पण "खातो" म्हणणं बंद झालं. म्हणून नवऱ्याला परत ढोल वाजव म्हणू नकोस, पार्किंगला उभा कर, नाहीतर कूपन मोजायला बसव, एकच दिवस.

झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, क्रिकेट लावून पण बघत नाही असं असेल तर मात्र हा नुसता स्वभाव नाही, डॉक्टरला दाखव. बऱ्याच कंपन्या एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅममधून काउन्सेलरची काही सेशन्स फुकट देतात, एचआरच्या साइटवर बघ.

राहता राहिला मुलगा. त्याला लेक्चर नको, कोडं घाल. 2019 मध्ये सायन्स ह्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापून आला होता, 40 देशांतल्या 355 शहरांत 17,000 च्या वर पाकिटं, इंडियात पण, बँक, हॉटेल, पोस्ट असल्या ठिकाणी काउंटरवर "रस्त्यात सापडलं" म्हणून नेऊन दिली. काही रिकामी, काहींत साधारण 13 डॉलर, आत मालकाचा ईमेल. कुठली जास्त परत आली? पैसेवाली! रिकामी 40 टक्के, पैसेवाली 51 टक्के, आणि तीन देशांत रक्कम वाढवून साधारण 94 डॉलर केली तर अजून जास्त, 72 टक्के. अर्थशास्त्रज्ञांना आधी विचारलं होतं, त्यांचा अंदाज पण चुकला.

फक्त आकडे आधी सांगू नकोस. जेवायला बसलात की दोघांना पैज लावू दे, हरेल त्याने भांडी घासायची, आणि माझं विचारशील तर त्या रात्री सिंकपाशी बापलेक दोघंही असतील.