लेहरा धरणारं माणूस गेल्यावर

प्रश्न : बाबा पेटीवर लेहरा (तबल्याला मात्रा धरून देणारी, पुन्हा पुन्हा फिरणारी धून) धरायचे, मी तबला वाजवायचे. ते गेल्यापासून तबल्याची गवसणीही काढलेली नाही. रियाज पुन्हा कसा सुरू करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, रियाजाची घाई नको, पण गवसणी आजच काढा. खाडीकाठच्या दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओल धरते, सूर उतरतो. पहिल्या दिवशी हातोडीने गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे), गजरा (पुडीच्या कडेची चामडी वेणी) ठोकून तबला सुरात आणा, बस्स. मोबाइलवरचा लेहरा इतक्यात लावू नका. टाळी-खाली (टाळीच्या जागी टाळी, खालीच्या जागी रिकामा हात) देत तीनतालाच्या 16 मात्रा मोठ्याने म्हणा. मग ‘धा धा ते टे, धा धा तू ना’ हा कायदा (बोलांची ठरलेली रचना), अगदी सावकाश.

माझा थोरला भाऊ चंद्रकंस रागाचा लेहरा धरायचा. नौपाड्यातल्या आमच्या खोलीत दर समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, माझ्याकडे बघून मान हलवायचा. तो गेल्यावर चंद्रकंस ऐकवेना. मी किरवाणी रागाच्या लेहऱ्यावर रियाजाला बसलो, आणि मला ते योग्यच वाटतं. दुःखाशी झटापट करून हात तयार होत नाही. वाजवताना रडू आलं तर येऊ द्या, ठेका मात्र सोडू नका. पुढे शेजारपाजारचं पेटी शिकणारं एखादं मूल गाठा, त्याला लेहरा शिकवा. बाबांचा तुम्हाला पाठ असणारच.