रिटायर झालो, आता मधमाश्या पाळू का?

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, बँकेतून रिटायर झालो आणि आता जावळीतल्या गावी असतो. मधपेट्या ठेवाव्यात असं डोक्यात आलंय, पण घरचे म्हणतात या वयात कशाला डंख खाताय. शिवाय आमच्याकडे पोरं आग्या मोहोळ टेंभा लावून जाळतात, ते बघवत नाही. काय करू?

उत्तर : काका, डंख बसणारच, पण आधी डॉक्टरांना विचारा, अ‍ॅलर्जी असेल तर हा नाद सोडा. नसेल तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा, १९६२ पासूनची आहे, ट्रेनिंग घेतल्याशिवाय पेटी आणूच नका. तुमच्या डोंगराला सातेरी जातीची माशी बरी, मध मेलिफेरा या परदेशी जातीपेक्षा कमी देते पण इथलीच आहे. दोनच पेट्यांनी सुरुवात करा, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा म्हणजे मुंग्या चढत नाहीत. खरी परीक्षा पावसाळ्यात, फुलं कमी, माश्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, नाहीतर एक दिवस झाकण उघडाल तर पेटी रिकामी आणि पोळ्याच्या फण्यांवर मेण खाणाऱ्या मेणकिड्याची जाळी!

आग्याचं म्हणाल तर ती पेटीत राहत नाही, पण पोरांना शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला घेऊन जा, २०२२ मध्ये ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पोळं न जाळता फक्त मधाचा भाग कापून घेता येतो हे त्यांना दिसू दे, तुमच्या भाषणाने काही ऐकायची नाहीत ती. आणि शेजाऱ्यांना एवढंच सांगा, फवारणी करायची तर संध्याकाळी करा, माश्या घरी परतल्यावर.